दात्याच्या मूत्रपिंडातील रचनाभेद आणि प्रत्यारोपणाचे यश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूत्रपिंड देऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीच्या रक्त-लघवीच्या तपासण्या पार पडतात, जुळणीही होते आणि मग सीटी अँजिओग्राफीच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांची चित्रे घेणाऱ्या तपासणीच्या, अहवालात ‘दोन धमन्या’, ‘लवकर फुटणारी शाखा’ किंवा ‘महाधमनीच्या मागून जाणारी शीर’ असे काहीतरी वाचायला मिळते. तिथून पुढे घरात एकच चर्चा सुरू होते : आता हे मूत्रपिंड चालेल की नाही? त्या चर्चेत हमखास येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्यक्ष निर्णय अर्थातच दाता व रुग्ण या दोघांनाही तपासणाऱ्या चमूने घ्यायचा असतो.

अहवालात ‘दोन धमन्या’ असे लिहिले आहे. म्हणजे मूत्रपिंडात दोष आहे का?

नाही. प्रत्येक मूत्रपिंडाला एक धमनी, एक शीर आणि एक मूत्रवाहिनी हे पाठ्यपुस्तकातले चित्र बहुतेकांना लागू पडते, सगळ्यांना नाही. साधारण २५ ते ३० टक्के व्यक्तींत निदान एका बाजूच्या मूत्रपिंडाला एकाहून अधिक धमन्या असतात आणि सुमारे १० टक्के व्यक्तींत त्या दोन्ही बाजूंना असतात. अशा व्यक्तीला आयुष्यभर याचा पत्ताही लागत नाही, कारण मूत्रपिंड जागच्या जागी असेपर्यंत रक्त एका वाटेने आले काय किंवा दोन वाटांनी आले काय, त्याच्या कामात फरक पडत नाही. फरक पडतो तो ते काढून दुसऱ्या शरीरात जोडताना. कारण मग प्रत्येक धमनी कापावी लागते, पुन्हा जोडावी लागते आणि प्रत्येक जोडणीला वेळ लागतो. म्हणूनच येथे ‘विकृती’ हा शब्द टाळून ‘रचनाभेद’ हा शब्द वापरला आहे.

असे भेद मुळात होतात कशामुळे?

गर्भावस्थेत मूत्रपिंडे कंबरेत नव्हे, तर खाली ओटीपोटात तयार होऊ लागतात आणि साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यादरम्यान वर सरकत आपल्या कायमच्या जागी पोहोचतात. या प्रवासात ती जसजशी वर चढतात, तसतशा त्यांना जवळच्या मोठ्या रक्तवाहिनीतून नव्या धमन्या फुटतात आणि खालच्या जुन्या धमन्या विरून जातात. एखादी जुनी धमनी विरली नाही, तर ती ‘अतिरिक्त’ धमनी म्हणून राहते. मात्र अतिरिक्त म्हणजे फालतू नव्हे. मूत्रपिंडाच्या ज्या भागाला ती रक्त पुरवते, त्या भागाला दुसरा पुरवठा नसतो. नावामुळे होणारा हा गैरसमज आम्हाला वरचेवर दूर करावा लागतो.

प्रवास मध्येच थांबला, तर मूत्रपिंड ओटीपोटातच राहते. दोन्हींची खालची टोके एकमेकांना चिकटली, तर घोड्याच्या नालेसारखे जोडमूत्रपिंड तयार होते आणि त्याचा मधला पूल आतड्याच्या एका धमनीखाली अडकून बसतो. वर सरकताना मूत्रपिंड आतल्या बाजूला वळतेही. ते वळण अपुरे राहिले, तर रक्तवाहिन्यांचे तोंड पुढच्या बाजूला येते.

हे सगळे शस्त्रक्रियेच्या आधी कळते का?

बहुतांशी कळते. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य सोडून सीटी अँजिओग्राफीत ठरावीक अंतराने चित्रे घेतली जातात : आधी धमन्या भरलेल्या असतानाची, मग शिरा भरल्यावरची आणि शेवटी रंगद्रव्य लघवीत उतरून मूत्रवाहिन्या दिसू लागल्यावरची. एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांतून संगणकावर त्रिमितीय चित्र उभे करता येते. अनुभवी सर्जन मात्र केवळ त्या रंगीत चित्रावर न थांबता मूळ काप एकेक करून स्वतः पाहतात, कारण चित्र सुबक करताना एखादी बारीक धमनी त्यातून गळू शकते. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक धमन्या उत्तम यंत्रावरही कधी कधी निसटतात.

रचनेबरोबर कामही मोजावे लागते. किरणोत्सारी द्रव्याच्या स्कॅनने डाव्या-उजव्या मूत्रपिंडाचा वाटा स्वतंत्रपणे कळतो. दोन्हींत ठळक फरक असेल, म्हणजे साधारणपणे १० टक्क्यांहून अधिक, तर कोणते काढायचे हे रक्तवाहिन्यांच्या सोयीवर ठरत नाही. अधिक चांगले मूत्रपिंड दात्याकडेच राहते, हा जिवंत दात्याच्या बाबतीतला पहिला नियम आहे आणि त्याला मुरड घालू नये, असे आमचे मत आहे.

बहुतेक वेळा डावेच मूत्रपिंड का निवडतात?

शिरेच्या लांबीमुळे. शरीरातील अशुद्ध रक्त वर नेणारी मुख्य शीर, म्हणजे महाशीर, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे असते. त्यामुळे उजव्या मूत्रपिंडाची शीर जेमतेम दोन ते चार सेंटिमीटर भरते, तर डावीला महाधमनी, म्हणजे हृदयातून शुद्ध रक्त आणणारी मुख्य धमनी, ओलांडून जायचे असल्याने ती सहा ते दहा सेंटिमीटर लांब असते. जोडणाऱ्याच्या हाती लांब शीर आली, की ताण न देता टाके घालता येतात. उजवी शीर आखूड तर असतेच, शिवाय तिची भिंतही पातळ असते. ओढाताण झाली, तर ती फाटते किंवा जोडल्यावर पिळवटते.

१९९५ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लॉइड रॅटनर आणि लुई कावुसी यांनी दुर्बिणीतून दात्याचे मूत्रपिंड काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली, त्यानंतर हा प्रश्न अधिक धारदार झाला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी बंद करणाऱ्या स्टेपलरच्या पिनांच्या ओळी काही मिलिमीटर लांबी खाऊन टाकतात. डाव्या शिरेला ते परवडते, उजवीला अनेकदा परवडत नाही. सुरुवातीच्या काळात उजव्या बाजूला शिरेत गुठळी होऊन मूत्रपिंड गमावण्याचे प्रकार घडले. पुढे तंत्र बदलले आणि आज उजवे मूत्रपिंडही सुरक्षितपणे घेतले जाते.

म्हणून डावीकडे तीन धमन्या आणि उजवीकडे एकच, अशी स्थिती असेल, तर उत्तर एकसारखे नसते. लांब शिरेच्या बदल्यात तीन जोडण्या पत्कराव्यात, की एका जोडणीसाठी आखूड शीर पत्करावी, हे त्या चमूचा हात कशात बसलेला आहे यावरही ठरते.

‘लवकर फुटणारी शाखा’ म्हणजे काय? धमनी तर एकच आहे.

महाधमनीपासून निघाल्यावर दीड-दोन सेंटिमीटरच्या आतच धमनी दुभंगत असेल, तर तिला असे म्हणतात. कागदावर धमनी एक असते. पण स्टेपलर लावून ती कापली, की उरलेला बुंधा इतका तोकडा होतो, की हाती दोन वेगळी तोंडे येतात. त्यामुळे ही नोंद सर्जनच्या दृष्टीने ‘दोन धमन्या’ याच्या जवळपासची आहे आणि तिच्याकडे तितक्याच गांभीर्याने पाहिले जाते. उजव्या बाजूला धमनी महाशिरेच्या मागून येते, म्हणून तेथे शिरेमागेच दुभंगलेली धमनी विशेष त्रासदायक ठरते.

धमन्या एकापेक्षा अधिक असतील, तर त्या जोडतात कशा?

हे काम दोन टप्प्यांत होते आणि त्यातला पहिला टप्पा रुग्णाच्या शरीराबाहेर, ‘बॅक टेबल’ नावाच्या वेगळ्या टेबलावर पार पडतो. दात्याच्या शरीरातून बाहेर येताच मूत्रपिंड बर्फाच्या भुग्याने भरलेल्या भांड्यात ठेवतात आणि त्याच्या धमनीतून थंड द्रावण सोडतात. काही क्षणांत त्याचा तांबूस-जांभळा रंग उतरून ते फिकट, राखाडी दिसू लागते आणि शिरेतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ होते. धमन्या दोन असतील, तर दोन्हींतून द्रावण सोडावे लागते. एकीतून सोडल्यावर मूत्रपिंडाचा जेवढा भाग फिकट होत नाही, तेवढा दुसरीच्या वाट्याचा आहे, हे तेथेच नजरेला पडते. अहवालातील ‘बारीक धमनी’ किती मोठा मुलूख सांभाळते, याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही.

मग मोठे करून दाखवणारा भिंगाचा चष्मा लावून जोडकाम सुरू होते. दोन्ही धमन्यांची जाडी सारखी असेल, तर त्यांच्या आतल्या कडा उभ्या चिरून एकमेकींना शिवतात आणि एक मोठे सामाईक तोंड तयार करतात. पायजम्याचे दोन पाय वर एकत्र यावेत तशी ही रचना दिसते. एक धमनी मोठी व दुसरी बारीक असेल, तर बारीकीचे टोक मोठीच्या कुशीला जोडतात. दोन्हींत अंतर जास्त असेल, तर त्या रुग्णाच्या श्रोणीतील, म्हणजे ओटीपोटाच्या खोलगटातील, धमनीवर वेगवेगळ्या ठिकाणी जोडाव्या लागतात. खालच्या टोकाकडे जाणारी बारीक धमनी फारच दूर पडत असेल, तर रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूमागून जाणारी एक धमनी सोडवून खाली आणतात आणि दोन्हींची टोके एकमेकांना जोडतात. त्यासाठी वापरला जाणारा धागा केसाहूनही बारीक असतो.

बॅक टेबलवर जोडण्याचा फायदा असा, की मूत्रपिंड थंड असल्याने तेथे घालवलेली पंधरा-वीस मिनिटे फारशी महागात पडत नाहीत. रुग्णाच्या पोटात ठेवल्यावर ते हळूहळू गरम होऊ लागते, पण त्याला अजून रक्त मिळालेले नसते. तेथील मिनिटे मोलाची असतात. चांगला सर्जन अवघड काम बर्फात उरकतो आणि पोटात शक्यतो एक शीर व एक धमनी एवढेच जोडकाम शिल्लक ठेवतो.

एखादी धमनी अगदीच बारीक असेल, तर ती बांधून टाकली तर काय बिघडते?

कोणती धमनी, यावर उत्तर अवलंबून आहे आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

मूत्रपिंडातील धमन्यांच्या शाखा एकमेकींना आतून जोडलेल्या नसतात. एक शाखा बंद पडली, तर शेजारची तिच्या मदतीला येऊ शकत नाही आणि तेवढा भाग मरतो. वरच्या टोकाला जाणारी, दोन मिलिमीटरहून बारीक आणि अगदी लहान भागाला रक्त देणारी धमनी असेल, तर ती सोडून देण्याचा निर्णय अनेक सर्जन घेतात. मूत्रपिंडाचा छोटासा कोपरा निकामी होतो, बाकीचे काम चालू राहते. अशा कोपऱ्यामुळे पुढे रक्तदाब वाढू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

खालच्या टोकाच्या धमनीचा मामला निराळा आहे. मूत्रवाहिनीला तिच्या मूळ जागी वरून, मधून आणि खालून अशा अनेक ठिकाणांहून रक्त मिळत असते. मूत्रपिंड काढताना मधले आणि खालचे सारे पुरवठे कापले जातात आणि उरतो तो फक्त वरून, मूत्रपिंडाच्या धमनीच्या खालच्या फांद्यांतून येणारा पुरवठा. खालच्या टोकाची धमनी नेमकी तोच देत असू शकते. ती बांधली, तर मूत्रपिंडाचा तुकडा जातोच. शिवाय काही दिवसांनी मूत्रवाहिनीचे टोक काळे पडून तेथून लघवी गळू लागते किंवा काही महिन्यांनी ती आकसून बंद होते. म्हणून दीड मिलिमीटरची धमनीसुद्धा, ती खालची असेल, तर जिवापाड जपली जाते. मूत्रपिंडाचे खालचे टोक, रक्तवाहिन्या आत शिरतात ते त्याचे तोंड आणि मूत्रवाहिनी यांच्यामधला चरबीचा त्रिकोणही याच कारणासाठी साफ करत नाहीत. दिसायला ती नुसती चरबी असते, पण मूत्रवाहिनीचे पोषण करणारे बारीक धागे तिच्यातून जात असतात.

थोडक्यात, ‘किती धमन्या आहेत?’ यापेक्षा ‘कोणती धमनी कोठे जाते?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारलेला अधिक उपयोगी.

शिरांमधील भेद तितकेच गंभीर असतात का?

सहसा नाही, कारण शिरांची गोष्ट धमन्यांच्या उलट आहे : मूत्रपिंडाच्या आत त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. दोन-तीन शिरा असल्या, तरी सर्वांत मोठी जोडून बारीक शिरा बांधून टाकता येतात आणि रक्त मोठीकडे वळते. दोन्ही सारख्या आकाराच्या असतील, तर मात्र विचार करावा लागतो. अनेक शिरा उजव्या बाजूला अधिक आढळतात.

डाव्या बाजूला दोन खास प्रकार भेटतात. एकात शीर महाधमनीच्या पुढून न जाता मागून जाते. हे २ ते ३ टक्के व्यक्तींत दिसते. दुसऱ्यात ती दुभंगून महाधमनीभोवती कडे करते. दोन्हींत प्रत्यारोपण होऊ शकते. खरा धोका दात्याच्या बाजूला असतो : मागची शीर आहे हे ठाऊक नसताना तेथे हत्यार गेले, तर रक्तस्राव आटोक्यात आणणे कठीण जाते. ठाऊक असेल, तर कडे करणाऱ्या शिरेचा पुढचा हात घेऊन मागचा नीट बांधता येतो. डाव्या शिरेला अधिवृक्क ग्रंथीची, अंडकोश किंवा अंडाशयाची आणि पाठीच्या स्नायूंमधली अशा इतरही शिरा येऊन मिळतात. त्यांतली पाठीकडची शीर दिसायला क्षुल्लक, पण दुर्लक्ष झाल्यास सर्जनला सर्वाधिक घाम फोडणारी.

मूत्रवाहिन्या दोन असतील तर?

सुमारे १ टक्का व्यक्तींत मूत्रवाहिनी दुहेरी असते; कधी मूत्राशयापर्यंत दोन्ही वेगळ्या, तर कधी वाटेत एकत्र येणाऱ्या. त्यामुळे मूत्रपिंड नाकारले जात नाही. दोन्ही एकाच आवरणातून खाली येतात, म्हणून त्यांना एकमेकींपासून न सोडवता, आवरणासकट आणायचे आणि टोके शेजारी शेजारी शिवून एकच तोंड करायचे किंवा मूत्राशयात दोन ठिकाणी जोडायचे, असे दोन मार्ग आहेत. प्रत्येकीत स्टेंट, म्हणजे तात्पुरती बारीक नळी, ठेवतात आणि साधारण दोन ते सहा आठवड्यांनी दुर्बिणीने काढतात. स्टेंट काढायची तारीख लक्षात ठेवणे हे रुग्णाचेही काम आहे. दोन स्टेंट असतील, तर दोन्ही निघाल्याची खात्री करून घ्यावी.

नालेच्या आकाराचे किंवा ओटीपोटात राहिलेले मूत्रपिंड दान करता येते का?

नालाकृती मूत्रपिंड दर ४०० ते ६०० व्यक्तींमागे एकात आढळते. त्याच्या धमन्या कोठूनही निघू शकतात आणि मधल्या पुलालाही स्वतंत्र धमनी असू शकते. मृत्यूनंतर मिळालेले असे मूत्रपिंड अखंड एकाच रुग्णाला बसवता येते किंवा पूल कापून दोघांना देता येते. दोन्ही प्रकार जगात यशस्वी झाले आहेत. जिवंत दात्याकडून त्याचा अर्धा भाग घेणे मात्र फार क्वचित आणि निवडक ठिकाणीच केले जाते.

ओटीपोटातील मूत्रपिंड दोन ते तीन हजारांत एकाला असते. त्याच्या धमन्या आखूड व अनेक असल्या, तरी ते घेता येत नाही असे नाही. उलट, गंमत अशी की प्रत्यारोपणात मूत्रपिंड नेहमी ओटीपोटाच्या कुशीतच बसवतात. दात्याच्या शरीरात ज्या जागेला आपण चुकीची म्हणतो, रुग्णाच्या शरीरात तीच त्याची ठरलेली जागा असते.

जन्मतः एकच मूत्रपिंड असलेली व्यक्ती, अशी माणसे साधारण हजारात एक असतात, अर्थातच जिवंतपणी दाता होऊ शकत नाही.

धमनीत आजार आढळला किंवा मूत्रपिंडात पाण्याची गाठ, खडा असेल तर?

साधी पाण्याची गाठ अडचण ठरत नाही. एकच लहान खडा असेल आणि दात्याच्या शरीरात खडे होण्याची प्रवृत्ती नसेल, तर खडा असलेलेच मूत्रपिंड घेतात आणि बॅक टेबलवर बारीक दुर्बिणीने तो काढून टाकतात. काही संभाव्य दात्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, धमनीत मण्यांच्या माळेसारखे फुगवटे दिसतात. हा धमनीच्या भिंतीचा आजार असतो. तो सौम्य आणि एकाच बाजूला असेल, रक्तदाब सामान्य असेल, तर तीच बाजू दान करून तो तुकडा कापून टाकण्याचा पर्याय असतो. दोन्ही बाजूंना असेल, तर बहुतेक चमू नकार देतात आणि तो नकार योग्यच असतो.

मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्या दात्याच्या बाबतीत काय वेगळे असते?

तेथे एक मोठी सोय असते. धमन्या स्वतंत्र न कापता, त्या महाधमनीच्या ज्या भागातून निघतात, तो भिंतीचा तुकडाच बरोबर घेता येतो. सगळी तोंडे त्या एका चकतीवर असल्यामुळे रुग्णाच्या धमनीला एकच जोडणी पुरते. रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र १९०२ मध्ये मांडणाऱ्या आणि १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या अलेक्सिस कॅरल यांचे नाव या चकतीला दिले आहे. उजवी शीर आखूड असते, ती अडचणही महाशिरेचा तुकडा जोडून दूर करता येते. जिवंत दात्याच्या महाधमनीला वा महाशिरेला असा हात लावता येत नाही.

गैरसोयही आहे : सीटी अँजिओग्राफी नेहमीच झालेली नसते. काढताना एखादी दूरची खालची धमनी नकळत कापली जाऊ शकते आणि ते बॅक टेबलवर आल्यावरच उमगते. त्यामुळे मूत्रपिंड आणणाऱ्या आणि बसवणाऱ्या चमूंनी एकमेकांना काय सापडले, काय कापले गेले, हे स्पष्ट लिहून कळवणे अत्यावश्यक असते.

रचनाभेद असलेले मूत्रपिंड कमी टिकते का?

अनुभवी केंद्रांत, विशेषतः जिवंत दात्यांच्या बाबतीत, एक धमनी असलेल्या आणि अनेक धमन्या असलेल्या मूत्रपिंडांच्या दीर्घकालीन टिकण्यात फारसा फरक आढळत नाही. फरक दिसतो तो सुरुवातीच्या काळात. शस्त्रक्रिया लांबते, मूत्रपिंड रक्ताविना अधिक वेळ राहते, त्यामुळे ते सुस्त राहून पहिल्या आठवड्यात डायलिसिसची गरज पडण्याची शक्यता थोडी वाढते; धमनीत गुठळी होणे, जोडणीपाशी धमनी अरुंद होणे आणि लघवी गळणे यांचेही प्रमाण काहीसे अधिक नोंदवले जाते. पहिले काही आठवडे निर्वेध गेले, तर पुढे या मूत्रपिंडाचे आयुष्य इतर मूत्रपिंडांसारखेच दात्याचे वय, जुळणी, औषधांची नियमितता, रक्तदाब आणि मधुमेह यांवर ठरते. दोन धमन्या आहेत म्हणून चांगला, निरोगी दाता नाकारून डायलिसिसवर वर्षे काढणे हा आमच्या मते बहुतेक वेळा तोट्याचा सौदा असतो.

मूत्रपिंड नीट जोडले गेले हे सर्जनला केव्हा समजते?

रक्तवाहिन्या दाबून धरणारे चिमटे सोडले, की लगेच. रक्त आत शिरताच राखाडी मूत्रपिंड गुलाबी होते, बोटाखाली घट्ट लागते आणि त्यात ठोके जाणवतात. पुष्कळदा मूत्रवाहिनीच्या मोकळ्या टोकातून काही मिनिटांत लघवीचे थेंब पडू लागतात. धमन्या अनेक असतील, तर सर्वांची नजर कडांवर असते. सगळे गुलाबी झाले आणि खालच्या टोकाला रुपयाएवढा निळसर डाग उरला, तर त्या बाजूच्या धमनीत अडथळा आहे. ती पिळली आहे का, टाका खोल गेला आहे का, की केवळ आकसली आहे, हे तेव्हाच तपासतात. मूत्रपिंड जागेवर ठेवून पोट बंद करण्याआधी पुन्हा एकदा रंग पाहतात, कारण हातात धरलेले असताना सरळ असलेली धमनी खाली ठेवल्यावर मुडपू शकते.

घरी आल्यावर कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे?

गुठळीचा धोका पहिल्या काही दिवसांत, म्हणजे रुग्ण बहुधा रुग्णालयात असतानाच, सर्वाधिक असतो. लघवी एकाएकी थांबणे ही त्याची मुख्य खूण. लघवीची गळती साधारण पहिल्या काही आठवड्यांत दिसते : जखमेतून पाणी झिरपणे, लघवी कमी होणे, त्या बाजूला फुगवटा किंवा दुखणे. स्टेंट काढल्यानंतरचे दिवसही सावधपणे काढावेत. धमनी अरुंद होण्याचा प्रकार पुढचा, बहुधा तीन महिने ते दोन वर्षे या दरम्यानचा. औषधे वाढवूनही न उतरणारा रक्तदाब, पायांवर सूज, आणि रक्तदाबाचे विशिष्ट औषध सुरू करताच क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) चढणे, यांवरून संशय येतो. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीने त्याचा माग लागतो आणि बहुतेकदा फुग्याने वा स्टेंटने धमनी रुंद करून इलाज होतो.

दात्याला अधिक धोका असतो का?

शस्त्रक्रिया थोडी लांबते आणि अधिक रक्तवाहिन्या सोडवाव्या लागतात, एवढा फरक असतो. मूलभूत धोका फारसा बदलत नाही. अमेरिकेत १९९४ ते २००९ या काळात मूत्रपिंड दिलेल्या ८०,००० हून अधिक दात्यांच्या नोंदींत शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १०,००० मागे सुमारे ३ होते. उरलेले मूत्रपिंड पुढे जास्त काम उचलते आणि एकूण क्षमता मूळच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांशांवर स्थिरावते. दात्याच्या शरीरात उरणाऱ्या मूत्रपिंडात कोणता रचनाभेद आहे, हेही विचारून घ्यावे. चर्चा नेहमी जाणाऱ्या मूत्रपिंडाची होते आणि राहणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही.

दात्याच्या महाधमनीवर उरणारा धमनीचा बुंधा कसा बंद करणार, हा प्रश्नही रास्त आहे. त्या ठिकाणी केवळ वरून अडकवलेल्या चापेवर विसंबणे धोक्याचे ठरलेले आहे. चाप निसटली, तर काही मिनिटांत प्राणघातक रक्तस्राव होतो. भिंतीतून आरपार जाणारा टाका किंवा स्टेपलरच्या पिना अधिक भरवशाच्या.

रुग्णाच्या स्वतःच्या शरीररचनेचा संबंध येतो का?

येतो आणि त्याकडे नातेवाइकांचे क्वचितच लक्ष जाते. श्रोणीतील धमन्या मधुमेहामुळे वा दीर्घ डायलिसिसमुळे चुन्यासारख्या कडक झाल्या असतील, तर त्यावर तीन ठिकाणी छिद्रे पाडून तीन धमन्या जोडणे अवघड होते. अशा रुग्णासाठी एकच धमनी असलेला दाता खरोखर अधिक सोयीचा. पूर्वी प्रत्यारोपण झालेले असेल, मांडीच्या शिरेतून डायलिसिसची नळी बरेच दिवस ठेवलेली असेल, तर शिराही बंद झालेल्या असू शकतात. दाता आणि रुग्ण या दोघांची चित्रे शेजारी शेजारी लावून पाहिल्याशिवाय ‘कोणते मूत्रपिंड, कोणत्या बाजूला’ हे ठरवता येत नाही.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आता या रचनाभेदाची माहिती जपून ठेवायची गरज आहे का?

आहे. किती धमन्या होत्या, त्या कशा जोडल्या, कोणती बांधली, मूत्रवाहिनी कोठे जोडली, हे शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहिलेले असते. त्याची प्रत मागून घ्यावी आणि पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीला बरोबर न्यावी. पाच वर्षांनंतर दुसऱ्या गावी डॉप्लर करणाऱ्या डॉक्टरांना धमन्या दोन आहेत हे ठाऊक नसेल, तर पहिलीतला प्रवाह उत्तम पाहून ते तपासणी तेथेच संपवतील आणि अरुंद झालेली दुसरी धमनी पाहायची राहून जाईल. पूर्वीच निकामी झालेला वरचा कोपरा माहीत नसेल, तर तो नवा आजार समजून नको त्या तपासण्या मागे लागतील. दात्यानेही आपल्या सीटी अँजिओग्राफीची प्रत आणि अहवाल स्वतःजवळ ठेवावा.